ग्योकुरोचा डबा

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुझं पार्सल पोचलं. जहाजावरच्या डॉक्टरने घरी औषधं पाठवावीत, तर तू जपानचा हिरवा चहा पाठवलास, आणि आता घरात पेशंट तयार झालाय. पेशंट म्हणजे तुझा भाऊ.

फोनवरच सांगितलं असतं. पण जहाज किनाऱ्याला लागल्याशिवाय तू सापडत नाहीस, आणि मी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं की तुझे बंधुराज शेजारी येऊन उभे राहतात. म्हणून कचेरीत जेवणाच्या सुट्टीत हे लिहितेय. शाईवर डबा सांडला तर समजून घे.

सेंचा, होजिचा, तो भाजलेले तांदूळ घातलेला गेनमाइचा आणि ग्योकुरो, सगळे डबे नीट आले. पण सोबत तू चहा कसा चाखायचा त्याचं ते छापील चोपडं घातलंस ना, तिथे घात झाला. आयुष्यभर लोकांना मोटार शिकवलेला माणूस तो! हातात पुस्तक आलं की त्याला समोर शिकाऊ लागतात. त्याने रविवारी दोघांना बोलावलं. एक अर्थातच बंब. त्याचं अग्निशमन दलातलं शेवटचं वर्ष संपतंय, मग तो कायमचा लेकीकडे जाणार. तोवर एकही रविवार सोडायचा नाही, असं दोघांचं ठरलंय. दुसऱ्या म्हणजे खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई.

पाणी किती तापलं ते बघायला तुझा भाऊ तापाचा थर्मामीटर किटलीत घालत होता. डॉक्टरीणबाई ओरडल्या म्हणून थर्मामीटर वाचला. मग धडा सुरू झाला. ‘पहिला घोट गिळायचा नाही. जिभेवर न्यूट्रलमध्ये ठेवायचा. घाई नको. आता हळूहळू क्लच सोडा... आणि गिळा!’ डॉक्टरीणबाईंना ठसका लागला. बंबने कप एका दमात रिकामा केला आणि मला हळूच विचारलं, ‘वहिनी, हा संपला की खरा चहा मिळेल ना?’

ग्योकुरो मात्र तुझ्या भावाने पुढच्या रविवारसाठी राखून ठेवलाय. पार्सल आलं त्या दिवशी एक कप एकट्याने प्यायला आणि डोळे मिटून म्हणाला, ‘समुद्राची झुळूक!’ मी एक थेंब चाखला. मला पालक उकडलेल्या पाण्याची चव लागली, पण संसार टिकवायचा म्हणून गप्प बसले.

बाकी सगळं ठीक. ग्योकुरोचा डबा व्यवस्थित आहे. अगदी व्यवस्थित.

लोभ आहेच तो वाढव, चहा मात्र आणखी पाठवू नकोस.

तुझी वहिनी

---

२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

बंदराला लागलो आणि तुझं पत्र मिळालं. जेवणघरात बसून एकटीच हसत होते, तर आमचा खानसामा विचारायला आला की मला काही झालंय का.

दादाचं हे नवीन नाही. लहानपणी त्याने घरात वाहतूक शाळा काढली होती. बंबदादा आणि मी हातात ताटल्या धरून पलंगाला फेऱ्या मारायचो आणि दादा खुर्चीवर उभा राहून शिट्टी फुंकायचा. बंबदादा तेव्हाही लाल दिवा तोडून पुढे जायचा. दोघांचं त्यावरून रोज भांडण व्हायचं आणि दिवेलागणीपर्यंत मिटायचं. तेव्हा चालू दे. चहा संपला की वेडही संपेल.

फक्त ग्योकुरो जपून वापरा. त्याच्या रोपांवर खुडण्याआधी सावली धरतात. पाणी कोमटच घ्यायचं, उकळतं ओतलं की कडू होतो. दुकानातल्या आजीबाईंनी मला पुढ्यात बसवून तो कसा करायचा ते शिकवलं आणि मगच डबा हातात दिला. दादा स्वतःसाठी कधी रुमालसुद्धा विकत घेत नाही, म्हणून तो खास त्याच्यासाठी घेतला.

आणि डबा व्यवस्थित आहे म्हणतेस, पण मी विचारलंच कुठे होतं?

तुझीच,
वन्सं (या शब्दाने मी म्हातारी झाल्यासारखी वाटते, तरी चालेल)

---

२ मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद.

तू पाठवलेल्या चहाने माझ्या आयुष्याला वेगळं वळण दिलं आहे. इंडिकेटर न देता.

ग्योकुरोबद्दल काय लिहू! पहिल्याच दिवशी मी म्हणालो होतो, समुद्राची झुळूक. आता रोज पितो आणि रोज तीच झुळूक. मधे थोडा कडवटपणा जाणवला, पण चोपड्यात म्हटलंय की जीभ तयार होत गेली की चहाचे खोल पदर उलगडतात. ते उलगडत असावेत. शिवाय याने शरीराची शुद्धी होते, हे तू मला आधी का सांगितलं नाहीस? सकाळी एक कप घेतला की थोड्या वेळात आतलं सगळं जुनं, साचलेलं निघून जातं. इतकं निघून जातं की शिकवणीच्या गाडीतून मला अधूनमधून घाईने उतरावं लागतं. परवा एका शिकाऊ बाईंना चौकात तसंच सोडून मी शेजारच्या हॉटेलात शिरलो. परत येऊन बघतो तर त्यांनी एकटीने गाडी वळवून कडेला लावली होती. म्हणजे त्यांचीही प्रगतीच झाली. माझी पँट ढिली झाली आहे आणि मन हलकं.

पण एक गोष्ट मनाला लागली आहे.

ग्योकुरोच्या रविवारी मी तिघांचे कप भरले. सगळे शांत होते, वातावरण असं जमून आलं होतं. मी चवीबद्दल बोलत असताना मागे कचकच ऐकू आली. वळून पाहतो तर बंब! किटलीतली उरलेली पानं बशीत काढून, वर मीठ-लिंबू पिळून चमच्याने खात होता. म्हणाला, ‘वाया कशाला घालवायची? मऊ लागतायत.’

मी म्हणालो, ‘अरे, तू माणूस आहेस की बकरी?’

तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, ‘बकरी तर बकरी. बकरीला निदान आपण काय खातोय ते कळतं. तू नुसतं पुस्तक वाचून दाखवतोस.’

मी दाराकडे बोट केलं. तो गेला. बशी घेऊन गेला.

तेव्हापासून तो आलेला नाही. मीही बोलावणार नाही. ज्याने माझ्या जिभेवर शंका घेतली त्याच्याशी काय बोलायचं? डोळ्यांवर पट्टी बांधून शंभर चहांतून ग्योकुरो ओळखून दाखवेन मी. डॉक्टरीणबाईही त्यानंतरच्या सोमवारपासून फिरकल्या नाहीत. तुझी वहिनी मात्र खंबीरपणे पाठीशी आहे. मी ग्योकुरोबद्दल बोलायला लागलो की ती माझ्याकडे बघत नाही, खाली बघते. बहुधा भारावून जाते.

रविवारी कप मात्र सगळ्यांचे मांडतो. सवय.

तुझा दादा

---

५ मार्च

पिटुकले,

डॉक्टर झालीस तरी मला तू पिटुकलीच. मी तुझ्या दादाचा मित्र बंब. आपल्यातच राहील अशा बोलीवर लिहितोय. तुझ्या भावाला कळू देऊ नकोस.

मला काहीतरी मोठं झालंय. नोकरीभर घंटा वाजली की धावायची सवय. आता घंटा न वाजता धावतोय. रोज सकाळी! पोटात असा मुरडा येतो की पायऱ्या उतरताना कठड्याला धरावं लागतं. पहिल्या दिवशी तर दिवसभर चौकीवर गेलोच नाही. हाताखालची मंडळी घरी येऊन दार वाजवून विचारत होती, ‘साहेब, शिडी लावू का?’ गणवेशाचा पट्टा शेवटच्या भोकावर आलाय. नुसता मऊ भात खातोय, तरी उतार नाही. खाणं बदललं, पाणी उकळून प्यायलो. सकाळचा चहा तेवढा तोच आहे. पण तो तर तू पाठवलेला. त्यात काय असणार?

तो चहा म्हणजे तुझ्या भावाने गृहपाठ म्हणून सगळ्यांना एकेक पुडी बांधून दिली होती, ग्योकुरोची. रोज सकाळी प्यायचा आणि चव लक्षात ठेवायची. मग आमचं वाजलं. आता बोलत नाही आम्ही. पण दिलेला शब्द म्हणून रोज नेमाने पितो. चव कळत नाही. तरी तेवढंच त्याचं काहीतरी रोज घरात होतं.

इथल्या डॉक्टरकडे जायला धीर होत नाही. आगीत शिरलो तेव्हा भीती वाटली नाही, पण पांढऱ्या कोटातला माणूस गंभीर चेहरा करून ‘बसा’ म्हणाला की काय करायचं? लेकीला कळवलंय की माझं येणं लांबलंय. कारण सांगितलं नाही. आजारी बाप तिच्या दारात नेऊन कशाला टाकू? सामान बांधून तयार होतं, ते परत सोडलं.

खरं काय ते लिही. लपवू नकोस.

आणि एक विचारू? ती पानं खातात का गं?

तुझा बंबदादा

---

१६ मार्च

वहिनी,

या बंदरात मला दोन पत्रं एकदम मिळाली. एक दादाचं, एक बंबदादाचं. दादा लिहितो, शुद्धी झाली. बंबदादा लिहितो, मोठा आजार झाला. मी डॉक्टर आहे. मला दोघांची लक्षणं एकच दिसतायत.

ग्योकुरो जास्त झाला तर फार तर झोप उडते. त्याने कुणी चौकात गाडी सोडून पळत नाही.

वहिनी, त्या डब्यात काय आहे?

बंबदादाने दादाला सांगू नकोस म्हटलंय, तुला सांगू नकोस म्हटलेलं नाही, म्हणून सांगते. त्याला वाटतंय आपलं काही खरं नाही. लेकीकडे जाणं त्याने रद्द केलंय. आणि दादाने दिलेला ‘गृहपाठ’ तो इमानाने रोज सकाळी पितोय! मी त्याला सरळ लिहिलं असतं, पण डब्यात काय आहे ते मलाच नक्की ठाऊक नाही, आणि तुला फोन केला तर दादा शेजारी उभा असणार. शिवाय हे मी सांगण्यासारखं नाही. तू त्याच्यापासून दोन गल्ल्या दूर आहेस. पत्र वाचलंस की ऊठ.

आणि पानांचं म्हणशील तर, ग्योकुरो पिऊन झाल्यावर त्याची पानं खातात. सोया सॉस घालून. दुकानातल्या आजीबाईंनी मला स्वतः वाटी भरून दिली होती. चोपड्याच्या शेवटच्या पानावर चित्रासकट दिलंय ते. दादा तिथवर पोचला नसणार.

वाट बघतेय. इथून पुढे मोठा पल्ला आहे, त्याआधी उत्तर येऊ दे.

तुझी वन्सं

---

२४ मार्च

प्रिय वन्सं,

सोनामुखी.

एका शब्दात पत्र संपवता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

झालं असं. पहिल्या रविवारनंतर मी ओटा आवरत होते. ग्योकुरोचं झाकण घट्ट बसलं होतं. जोर लावला, झाकण एकीकडे गेलं आणि डबा गेला फरशी पुसायच्या बादलीत. अख्खा! बादलीत वाकून बघितलं तर तुझ्या भावाच्या समुद्राचा वास येत होता खरा.

रडायलाच आलं मला. तो डबा त्याने देवासारखा वरच्या फळीवर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी कचेरीत शेजारच्या टेबलावरचीने वजन उतरवायचा हिरवा चहा आणला होता. खोक्यावर बारीक कमरेच्या बाईचं चित्र. म्हटलं, हिरवा तो हिरवा. तिच्याकडून पिशव्या घेतल्या, कात्रीने कापल्या आणि आतल्या पाल्याने डबा भरून टाकला. खोक्यावर मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचलं नाही. रविवारी सगळे प्यायले, तुझा भाऊ झुळूक म्हणाला, आणि मला वाटलं सुटले!

सोमवारी डॉक्टरीणबाई एका पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून पळाल्या. तो बिचारा आ वासून बसला, परत यायला त्यांना इतका वेळ लागला. तेव्हा मी कचेरीतलं खोकं उलटून वाचलं, तर आत जुलाबाची सोनामुखी. मग मात्र धीरच झाला नाही. तुझं पत्र आलं, की डबा खास त्याच्यासाठी घेतलास, आणि उरलासुरलाही धीर गेला. मी गोष्ट पोटात ठेवली, आणि बाकीच्यांच्या पोटात काही राहिना. गृहपाठाच्या पुड्या त्याने वाटल्यात, हे तर मला माहीतच नव्हतं गं. बंब रागावून येत नाही एवढंच मला वाटत होतं. (डॉक्टरीणबाईंची पुडी त्यांच्या सासूबाईंनी पळवली. त्या एकट्याच खूश आहेत, आणखी मागतायत.)

काल तुझं पत्र वाचलं आणि तडक उठले. पण बंबकडे जायला निघताना तुझा भाऊ दारात भेटला. हातात कप होता. मी म्हटलं, ‘तो खाली ठेवा आधी.’ आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बादली, कात्री, सोनामुखी, बंबची पुडी, लेकीला पाठवलेला निरोप, चोपड्याचं शेवटचं पान, सगळं. शेवटी मी म्हटलं, ‘तुम्हा सगळ्यांच्या तोंडाला मी पानं पुसली. तीही असली.’

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. कप मोरीत ओतला. मग चोपडं काढलं, शेवटचं पान उघडलं आणि तिथली चित्रं बघत कितीतरी वेळ बसला. मी म्हटलं, ‘बंबला मी सांगून येऊ का? तुमचं नाव घेत नाही. पुडीला बुरशी लागली होती म्हणते.’

‘नको,’ म्हणाला. ‘मीच जातो.’

 घरातल्या सपाता घालूनच बाहेर पडला.

तुझी अपराधी वहिनी

---

२५ मार्च

चि. धाकटीस,

परवाचा प्रकार तुला वहिनीने कळवला असेलच. पुढचं मी कळवतो.

वाटेत मी सबब ठरवत गेलो. खोटं कशाला बोलू? एक सबब अशी होती की तुझ्या जहाजावर चहाला दमट हवा लागली. म्हणजे चूक तुझी, चहा खराब, माझी जीभ शाबूत. दुसरी अशी की मला पहिल्याच घोटाला फरक कळला होता, पण बायकोचं मन राखायला गप्प बसलो. ही मला फार आवडली. जिना चढेपर्यंत तिचीच उजळणी करत होतो.

दार बंबनेच उघडलं. त्याला बघून मी सबबच विसरलो. गालफडं बसलेली, पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलेलं. टेबलावर मऊ भाताची वाटी, आणि तिच्या शेजारी माझी पुडी. जवळजवळ रिकामी. एकही दिवस चुकवला नव्हता गाढवाने.

‘ये,’ म्हणाला. ‘चव लक्षात ठेवतोय. अजून नीट कळली नाही.’

मी म्हणालो, ‘पिऊ नकोस ते. ग्योकुरो नाही तो. जुलाबाचा पाला आहे.’

त्याने पुडी उचलून हुंगली. मग मी बादलीपासून सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसला. म्हणाला, ‘म्हणजे मला काही झालेलं नाही?’

‘काही नाही. पुडी टाकलीस की बरा होशील.’

‘काहीच नाही?’

‘अरे, ढोरासारखा धडधाकट आहेस!’

त्याने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मला वाटलं, सुटलो. पण मग त्याने एक डोळा उघडला. ‘थांब. तूही हाच प्यायलास?’

‘हो.’

‘रोज?’

‘रोज.’

‘आणि ती समुद्राची झुळूक?’

धाकटे, तिथे ती दुसरी सबब माझ्या अगदी दातांपर्यंत आली होती. पण समोर तो मऊ भात होता. मी म्हणालो, ‘मला काही कळत नाही रे चवीतलं. सेंचा कुठला आणि होजिचा कुठला, हे मी डब्यावरून ओळखतो. झुळूक चोपड्यात होती. तू म्हणालास ते खरं होतं, म्हणून तर इतकं लागलं मला. आणि पानं खातात. शेवटच्या पानावर आहे.’

बंब हसायला लागला. तो हसतो म्हणजे काय ते तुला माहीतच आहे. आधी खांदे हलतात, मग खुर्ची, मग खिडकीच्या काचा. मधेच म्हणाला, ‘मृत्युपत्र करायला घेतलं होतं मी! माझं हेल्मेट तुला ठेवलं होतं!’ आणि परत हसला. मीही हसलो. हसता हसता आम्हा दोघांनाही एकाच वेळी आत जायची घाई झाली. त्याच्याकडे एकच आहे. मी त्याला आधी जाऊ दिलं. कायद्याने उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य असतं.

तुझ्या वहिनीवर मी रागावलेलो नाही. तिला तसं सांगितलं नाही अजून. दोन दिवस जरा वचकून राहू दे.

तुझा दादा

---

१८ एप्रिल

प्रिय वन्सं,

बंब लेकीकडे पोचला. पोचवायला आम्हीच गेलो.

सामानाची गाडी आधीच पुढे गेली होती. तुझ्या भावाने शिकवणीची मोटार काढली. वर ‘शिकाऊ’ची पाटी तशीच. पुढे ते दोघं, मागे डॉक्टरीणबाई आणि मी, मांडीवर बंबचं हेल्मेट. बंबच्या बाजूलाही ब्रेक आहे हे तुझा भाऊ विसरला होता. कुठे जरा वेग आला की बंब खालून ब्रेक दाबायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. ‘तू दाबलास!’ ‘मी कुठे दाबला?’ असं दिवसभर चाललं होतं. मागून येणारा प्रत्येक ट्रक भोंगा वाजवून पुढे जात होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वेगाने गेलो तर पोचेपर्यंत माझीही निवृत्ती होईल. पण कुणाला लवकर पोचायचं होतं, सांग?

दुपारी एका झाडाखाली थांबलो. बंबने स्टोव्ह पेटवला. पेटवण्याआधी शेजारी पाण्याची बादली आणि ओलं पोतं ठेवायला लावलं. तुझ्या डब्यांतला तळाला राहिलेला होजिचा तेवढा बरोबर घेतला होता. तो उकळत्या पाण्यात चालतो, एवढं आता मलाही कळतं. तुझ्या भावाने चार कप भरले. चोपडं घरीच राहिलं होतं. मुद्दाम की चुकून, ते मी विचारलं नाही.

सगळ्यांनी घोट घेतला. मग तिघांनीही त्याच्याकडे बघितलं. सवयच झालीय ना. डॉक्टरीणबाईंनी तर घोट तोंडातच धरून ठेवला होता, हुकमाची वाट बघत.

बंबने विचारलं, ‘काय मास्तर, कशी काय चव?’

तुझ्या भावाने कपात बघितलं. मग बंबकडे बघितलं. परत कपात बघितलं.

‘गरम आहे,’ म्हणाला.

‘बरोबर,’ बंब म्हणाला. ‘मलाही तसंच लागलं.’

आणि दोघांनी कप पुढे केले, आणखी घ्यायला.

तुझी वहिनी